रोजच्या धावण्याचा बूट: दुकानात मऊ लागला, पण पुढे काय?

हिरवा बांध (परभणी)

मंडळी, सल्ला हवाय. वय ४३, वजन ८१ किलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दिवाळीनंतर धावायला लागलो. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे ५ किलोमीटर, आठवड्यातले ५ दिवस. वेगाचं विचारू नका. दूधवाला सायकलवरून माझ्या बाजूनं गप्पा मारत जातो आणि गप्पा संपल्या की पुढं निघून जातो.

आतापर्यंत बाजारातले बाराशेचे 'स्पोर्ट शूज' होते. त्यांचा सोल आता पापडासारखा झालाय, खडीवरून गेलो की दगडाचा आकारही कळतो. परवा संभाजीनगरला कामानिमित्त गेलो होतो, तिथं एका मोठ्या दुकानात तीन जोड घालून पाहिले. त्यातला एक इतका मऊ, की सायीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, हा डेली ट्रेनर. रोजच्या वापराला एक नंबर." मी विचारलं, रोजच्या म्हणजे शाळेत पण? तर म्हणे हो, कुठंही घाला. किंमत ९,००० रुपये. ऐकून घेतलं आणि बूट परत ठेवला.

तर प्रश्न असा, की असा बूट चांगला की वाईट हे दुकानातल्या दोन मिनिटांत ओळखायचं कसं? आणि खरंच एकच जोड धावायला, शाळेत, बाजारात सगळीकडं चालेल का? घरून मंजुरी एकाच जोडाची आहे.

गुलमंडीचा नाका

आधी दूधवाल्याला विचारा तो काय घालतो. स्लिपर असेल तर ९,००० वाचले.

पहाटपाळी (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, पोरानं अर्धं खरं सांगितलं. डेली ट्रेनर म्हणजे रोज *धावायचा* बूट, रोज *घालायचा* नव्हे. शर्यतीचा बूट वेगळा असतो, हलका, महाग, लवकर झिजणारा. हल्ली त्यात कार्बनची पट्टीही असते. डेली ट्रेनर म्हणजे घरातला कामाचा बैल. नायकेचा पेगासस १९८३ पासून याच कामाला आहे. ब्रूक्सचा घोस्ट, असिक्सचा क्युम्युलस हे त्याच गोठ्यातले. एका बुटाचं वजन साधारण २५० ते ३०० ग्रॅम, फोम मध्यम, खाली रबर बऱ्यापैकी.

आता दुकानातल्या मऊपणाचं. तिथं तुम्ही उभे असता, म्हणजे ८१ किलो दोन पायांवर वाटलेले. धावताना एका वेळी एकच पाय जमिनीवर असतो आणि त्यावर वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो. उभं राहिल्यावर साय वाटणारा फोम त्या भाराखाली पार तळाला बसतो की उसळून वर येतो, हे उभं राहून कळतच नाही. निदान दुकानाबाहेरच्या फरशीवर शंभर पावलं पळू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर दुसरं दुकान.

मी विद्यापीठाच्या आवारात धावतो, रविवारी गोगाबाबा टेकडीकडं. माझा हिशोब असा, की बुटाबद्दल पहिले ५० किलोमीटर काहीच बोलायचं नाही. दीडशेला पहिलं मत. तीनशेला खरं मत. नव्या बुटाचं कौतुक करणारे बहुतेक लोक ५० च्या आतच लिहून मोकळे होतात.

काटेसराटा (बीड)

सर मी पोलीस भरतीची तयारी करायलो. १६०० मीटर. आमच्या ग्राउंडवर ४० पोरं हायत, त्यातल्या तिघांकडं डेली ट्रेनर हाय. बाकीचे निस्त्या कापडी बुटावर पळायलेत. माझा टाइम ५:२४ हाय. ५:१० च्या आत आलं की पूर्ण २० मार्क. भारी बूट घेतला तर १४ सेकंद कमी होतील का? खरं सांगा, बापाकडं पैसे मागायचेत.

आन् अविनाश साबळे आमच्या जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातलं मांडवा. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हंजी अडथळ्याची शर्यत, ८:०९.९१. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जायचे म्हणतेत. तव्हा कुठला ट्रेनर होता?

पहाटपाळी

@काटेसराटा, बापाकडं पैसे मागायच्या आधी हे वाच. बुटाचं वजन शंभर ग्रॅमनं वाढलं की शरीराला साधारण एक टक्का जास्त शक्ती लागते. तुझा कापडी बूट तसाही हलकाच असणार. तुझे १४ सेकंद आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार-पाच तुकड्या जोरात मारण्यात आहेत, सोलात नाहीत. पण रोज कडक मैदानावर पळून नडगी दुखत असेल तर वेगळी गोष्ट. दुखते का?

काटेसराटा

दुखती. डाव्या पायाची. आतल्या बाजूनं.

गोदाकाठची (नांदेड)

मग तुला बुटाच्या आधी दोन आठवडे कमी पळायची गरज आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. भरतीच्या हंगामात माझ्याकडं रोज तुझ्यासारखी दोन-तीन मुलं येतात. सगळ्यांची गोष्ट एकच: जाहिरात निघाली की पळणं एकदम दुप्पट. नडगीच्या आतल्या कडेनं बोट दाबत जा. लांब पट्टाभर दुखत असेल तर आराम आणि पोटरीचे व्यायाम. एकाच बोटाएवढ्या जागी टोचल्यासारखं, रात्रीसुद्धा दुखत असेल तर पळणं आजच बंद कर आणि डॉक्टरला दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते. भरती पुढच्या वर्षीही येईल.

गुरुजींसाठी: बूट निवडताना 'ड्रॉप' विचारा. टाचेखालची उंची आणि चवड्याखालची उंची यांतला फरक. डेली ट्रेनरमध्ये सहसा ८ ते १० मिलिमीटर, काहींत १२. ड्रॉप कमी झाला की भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर सरकतो, जास्त असला की गुडघ्याकडं. चांगलं-वाईट असं काही नाही, पण सवय बदलते. तुम्ही इतकी वर्षं ज्या उंचीवर आहात तिथून एकदम ४ मिलिमीटरवर उडी मारलीत तर पोटऱ्या आठवडाभर जिना उतरू देणार नाहीत.

'तुमचा पाय आत वळतो, तुम्हाला हाच बूट लागेल' हे दुकानातल्या मशीनचं बोलणं मी फार मनावर घेत नाही. पळताना जो बूट पायाला खटकत नाही तो घ्यावा, हे साधं मोजमाप पुष्कळदा बरोबर निघतं.

अनवाणी

एवढा ऊहापोह कशाला? देवानं पाय दिलेत ते कशाला? आमचे आजोबा पायी पंढरपूरला जायचे, वहाणसुद्धा हातात. अबेबे बिकिला १९६० ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला. फोम हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे.

पहाटपाळी

तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकला. आणि तीन मिनिटं लवकर आला.

गुलमंडीचा नाका

गेम ओव्हर. मी चहा ठेवतो.

अनवाणी

रस्ता वेगळा होता, हवा वेगळी होती. असो. मी गेली चार वर्षं अनवाणी नाही तरी पातळ सोलावरच धावतो आणि गुडघे ठणठणीत आहेत.

शिवारातला (अहमदपूर)

@अनवाणी, आमच्या बांधावर या एकदा. दसऱ्यानंतर रस्त्याच्या कडेला सराटे असे पसरलेले असतात की गाईसुद्धा बघून पाय टाकतात. बाभळीचा काटा तर पातळ सोलातून थेट टाळूला पोचतो.

याच्यावरून आठवलं, बूट पारखताना सोलाला खाली रबर किती आहे ते बघा. हल्लीच्या बऱ्याच बुटांत वजन वाचवायला रबराचे चार तुकडे टाच-चवड्याला लावतात, मधे उघडा फोम. शहरातल्या गुळगुळीत रस्त्याला ठीक. आमच्याकडं त्या उघड्या फोमात सराटे रुततात. मी घरी आलो की आधी चिमटा घेऊन बसतो, मग चहा. दुसरं, पावसाळ्यात काळी माती. सोलाला खोल खाचा असतील तर त्या मातीनं भरतात आणि दोनशे पावलांत बूट एकेक किलोचा होतो. डांबरीवर पळणाऱ्यानं उथळ खाचाच बऱ्या.

गंजगोलाई (लातूर)

बूट-चपलांचं दुकान आहे माझं, म्हणून आधीच सांगतो: ही जाहिरात नाही, ९,००० वाले ट्रेनर मी ठेवतच नाही, इथं खपत नाहीत. पण बूट हातात घेऊन पारखायच्या चार गोष्टी बावीस वर्षांत कळल्यात त्या सांगतो.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय सुजतो, आणि पळताना आणखी. सकाळी बरोबर बसलेला बूट पाचव्या किलोमीटरला चावतो. ज्या मोज्यात पळता तेच मोजे घेऊन जा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापानं घ्या, पुढं अंगठ्याच्या नखाएवढी जागा ठेवा. बोटं आत हलली पाहिजेत. आपल्याकडं आयुष्य चपलेत गेलेली माणसं असतात, चवडा पसरट असतो. एक नंबर मोठा घेऊन रुंदी भागवायची सवय असते, त्यानं टाच मागं सैल पडते आणि फोड येतात. रुंद मापात तोच बूट मिळतो का ते आधी विचारा.

मग बूट टेबलावर ठेवून मागून बघा. सरळ उभा राहिला पाहिजे, नवा बूटच एका अंगाला झुकत असेल तर तो जोड नको. टाच आणि टोक धरून वाकवा: जिथं पायाची बोटं वाकतात तिथं बूट वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या. टाचेच्या मागचा भाग बोटानं दाबा, पार चेंदला जात असेल तर तो सहा महिन्यांत चपला होणार, कारण आपली माणसं नाडी न सोडता टाच दाबून बूट काढतात. मीही काढतो.

आणि मागच्या वर्षीचं मॉडेल विचारा. नवं आलं की जुनं पुष्कळ स्वस्तात सुटतं. फरक बहुतेक वेळा रंगाचाच असतो.

पहाटपाळी

गंजगोलाई, हा प्रतिसाद छापून चिकटवला पाहिजे. शेवटच्या वाक्याशी थोडा असहमत, कधी कधी फोमच बदलतात आणि नाव तेच ठेवतात. पण 'मागच्या वर्षीचं घ्या' याला +१.

जुनाट

मागच्या वर्षीचं घ्या, पण दहा वर्षांपूर्वीचं नको. भावानं परदेशातून आणलेला जोड मी 'चांगल्या वेळेला' म्हणून कपाटात ठेवला होता. सात वर्षांनी चांगली वेळ आली, पुतण्याचं लग्न. वरातीत अर्ध्या रस्त्यात दोन्ही सोल भुगा होऊन पडले. मागून येणारे बँडवाले चुकवून चालत होते. कंपनीचं नाव सांगत नाही, भाऊ हे वाचतो.

शिवारातला

पॉलियुरेथेनचा सोल असणार. तो हवेतली ओल शोषून आतूनच विरतो, वापरा नाहीतर ठेवा. उलट ठेवल्यानं लवकर जातो म्हणतात. धावण्याच्या बुटात बहुधा ईव्हीए नावाचा फोम किंवा त्याचे भाऊबंद असतात, त्याचं असं पीठ होत नाही. त्याचं दुखणं वेगळं, ऊन. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवला तर आखडतो. धुतल्यावर उन्हात घालू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा.

माजलगावची वाट

मी बाई आहे, पहाटे धावते, आणि माझ्या बुटाच्या परीक्षेत पहिला प्रश्न फोमचा नसतो, कुत्र्यांचा असतो. अचानक वळून थांबता आलं पाहिजे. फार उंच, फार मऊ सोलावर घोटा लचकतो. माझा एकदा लचकला, रस्त्याची कड आणि खड्डा अंधारात दिसला नाही. तेव्हापासून ढगावर चालल्यासारखं वगैरे ऐकलं की मी बूट खाली ठेवते. आणि मागं चमकणारी पट्टी असलेला घ्या, पहाटेच्या उसाच्या ट्रॅक्टरला तुम्ही दिसला पाहिजेत.

अवांतर: बायकांचं माप म्हणून पुष्कळदा पुरुषांचाच बूट गुलाबी करून देतात. माझी टाच अरुंद, चवडा रुंद. शेवटी वरच्या जास्तीच्या भोकातून नाडीचा फास करून टाच आवळायला शिकले. ते भोक शोभेचं नाही, हे मला तीन जोड संपल्यावर कळलं.

गुलमंडीचा नाका

थांबा, ते भोक कशासाठी असतं??

माजलगावची वाट

नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात परत घालायची, छोटा फास तयार होतो. उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून, मग ओढून गाठ. टाच आत हलत नाही.

गुलमंडीचा नाका

वय ५१. आज शिकलो.

हिरवा बांध

सगळ्यांचे आभार. रात्री बसून हिशोब केला तो इथं टाकतो, चुकत असेल तर सांगा.

असा बूट ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो असं सगळीकडं म्हणतात. मी ७०० धरले. ९,००० भागिले ७०० म्हणजे किलोमीटरला जवळपास १३ रुपये. माझी मोटारसायकल पेट्रोलवर दोन-सव्वादोन रुपयांत किलोमीटर जाते. म्हणजे मला स्वतःला चालवणं गाडीच्या सहा पट महाग आहे.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मी महिन्याला धावतो जेमतेम १०० किलोमीटर. म्हणजे सात महिने बूट चालावा. आता शाळेत मोबाइलवर पावलं मोजली. वर्ग, व्हरांडा, पोषण आहाराचं वाटप, मैदान, सगळे मिळून ८,००० पावलं. साडेपाच किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर १४० किलोमीटर! धावण्यापेक्षा जास्त. तोच बूट शाळेत घातला तर सात महिन्यांचा जोड तीन महिन्यांत संपतो, आणि धावणं मोजायच्या ॲपमध्ये ७०० च्या जागी ३०० च दिसतात, म्हणून मी कंपनीला शिव्या देत बसणार.

दुकानातला पोरगा खोटं बोलला नाही. त्यानं फक्त माझे किलोमीटर विचारले नाहीत.

गोदाकाठची

हिशोब बरोबर. चालताना भार कमी असतो, त्यामुळं झीज धावण्याइतकी नसते, तीन महिन्यांचे चार-साडेचार धरा. पण दिवसभर घातल्यानं फोमला मोकळा श्वास मिळत नाही आणि आत घामाची ओल राहते ती वेगळी. शिवाय चालताना टाचेची बाहेरची कड जास्त झिजते. तिरपा झिजलेला बूट दुसऱ्या दिवशी पळायला नेला की गुडघा तक्रार करतो.

जुनाट

मला साखर आहे, पायांना मुंग्या. मी पळत नाही, चालतो. माझ्यासाठी हे बूट कसे?

गोदाकाठची

काका, तुमच्यासाठी नियम वेगळे. मऊ, पुढं रुंद, आत शिवण न टोचणारा बूट चांगलाच. पण दर वेळी घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, सराटा असला तर तुमच्या पायाला कळणार नाही, आणि संध्याकाळी तळवे आरशात बघा किंवा कुणाला तरी बघायला सांगा. फोड आला तर घरी फोडू नका, दाखवा.

अनवाणी

हे मात्र पटलं. साखर असलेल्यांनी माझं ऐकू नये.

काटेसराटा

ताई दाबून बगितलं. लांब पट्टा दुखतोय, एका जागी न्हाय. दहा दिवस सायकल चालवतो म्हणलो तर ग्राउंडवरची पोरं हसायलीत.

पहाटपाळी

हसू दे. सायकलनं दम राहतो. परत सुरू करशील तेव्हा डांबरी सोडून मातीच्या ट्रॅकवर कर. आणि हजार-दोन हजारातला साधा, वाकणारा बूट पुरेल, नऊ हजाराच्या नादी लागू नकोस.

गंजगोलाई

लातूरला आलास तर दुकानात ये. माप घेऊन देतो.

हिरवा बांध *(दीड महिन्यानं)*

धागा वर आणतोय, माफी असावी. मागच्या वर्षीचं मॉडेल, रुंद मापात, ५,४०० ला मिळालं. सायीवालं नाही. दुकानात तिन्हींपैकी सगळ्यात बेचव वाटलेलं. शाळेसाठी आठशेची साधी सँडल वेगळी घेतली, तिला घरच्या मंजुरीत 'बूट' धरलेलं नाही.

काल १५० किलोमीटर झाले, म्हणून पहाटपाळींच्या नियमानं पहिलं मत. पहिले चार दिवस कडक लागला, वाटलं फसलो. पाचव्या दिवसापासून बुटाकडं लक्षच गेलं नाही. डाव्या करंगळीला फोड आला होता, नाडीचा फास केल्यावर गेला. सोलाच्या मधल्या उघड्या भागात आतापर्यंत अकरा सराटे निघाले, मोजलेत. टाचेची बाहेरची कड जरा गुळगुळीत व्हायला लागलीय, उजवीची जास्त. वेग तोच. दूधवाल्याच्या गप्पा आता थोड्या लांबतात एवढंच.

शिवारातला

पावसाळा येऊ द्या, मग बोलू. काळ्या मातीत कसा वागतो ते जुलैत सांगा.

हिरवा बांध

सांगतो. तोवर तीनशे होतील.